आता परत कोण आणून देतं?

वाचकाचं पत्र:

"मी नेरूळला राहते, वय ६४. बँकेत चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी काउंटरवर. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. घरी आम्ही दोघंच. मुलगा पुण्याला असतो, मुलगी ठाण्यात घोडबंदर रोडला. महिन्याभरापूर्वी मुलीने फोनवर सांगितलं की तिला दिवस गेलेत. इतकी आनंदाची बातमी, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'कशाला गं ह्या असल्या जगात मूल आणताय?' ती काहीच बोलली नाही. तेव्हापासून तिचे फोन कमी झालेत, बहुतेक वेळा जावईच बोलतात. मुलगा म्हणतो, 'आई, वय झालं की सगळे असेच होतात, मनावर घेऊ नकोस.' पण मी पूर्वी अशी नव्हते हो. माझ्या काउंटरवरून कधी चुकून जास्तीची नोट गेली तर माणसं भर उन्हात परत येऊन द्यायची. आता परत कोण आणून देतं? माणुसकीच राहिलेली नाही. वयामुळे मला सगळं काळं दिसायला लागलंय, की मला दिसतंय ते खरंच आहे?"
— एक वाचक, नेरूळ

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबले. मुलीला बोललात त्या वाक्यापाशी नाही. त्याचं तुम्हाला मनापासून वाईट वाटतंय, ते दुरुस्त करता येईल, त्यावर पुढे लिहितेच. मी थांबले ते "आता परत कोण आणून देतं?" ह्या वाक्यापाशी.

ताई, हे तुम्हाला कसं कळलं? चार वर्षं झाली, तुम्ही काउंटरवर बसलेल्या नाहीत. ज्या चौतीस वर्षांची रोकड तुमच्या हाताखालून गेली, त्या वर्षांत माणसं नोट परत आणून देत होती, हे तुम्हीच लिहिलंय. पुढच्या चार वर्षांचं खातं तुम्ही उघडून पाहिलेलंच नाही आणि शिल्लक मात्र शून्य लिहून टाकलीत. बँकेत असताना असा ताळेबंद कुणी तुमच्यासमोर ठेवला असता तर तुम्ही त्यावर सही केली असती का?

मला वाटतं, तुमच्या बाबतीत घडलंय ते एवढंच. तुमचं वय वाढलं म्हणून जग काळं पडलेलं नाही. तुमचा जगाशी असलेला रोजचा संबंध तुटला. आधी रोज शंभर-दीडशे माणसं तुमच्या खिडकीशी यायची. त्यात एखादा भांडखोर असायचा, एखादी लबाडी सापडायची, पण बाकीची माणसं पासबुक भरून घेऊन, "येते हं मॅडम" म्हणून निघून जायची. आता त्या शंभर माणसांच्या जागी फोन आहे आणि दिवाणखान्यात दिवसभर चालू असलेला टीव्ही आहे. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. पण त्यासाठी शीत आपण आपल्या हाताने उचलावं लागतं. इथे दुसराच कुणीतरी भांड्याच्या तळाचं करपलेलं शीत वेचून तुमच्या बोटावर ठेवतोय, आणि तेच रोज दाबून बघत तुम्ही म्हणताय की भात करपला.

आता वयाविषयी. म्हातारपण म्हणजे किरकिर, हा समज आपल्याकडे फार मुरलेला आहे, पण अभ्यासक सांगतात ते वेगळंच आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॉरा कार्स्टेन्सन यांनी वाढत्या वयाचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं आढळलं की तरुणांच्या मानाने वय झालेल्या माणसांचं लक्ष वाईटापेक्षा चांगल्या गोष्टींकडे जास्त जातं, आठवणीतही चांगल्या गोष्टीच जास्त राहतात. उरलेला वेळ थोडा आहे हे उमगलं की माणूस नको ती भांडणं सोडून देतो आणि आपल्या चार माणसांत रमतो. मी हे रोज संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर बघते. सत्तरीच्या पुढच्या आम्ही सहा-सात जणी तिथे जमतो. कुणाचा गुडघा बदललाय, कुणाचे यजमान गेलेत, कुणाचा मुलगा वर्षानुवर्षं परदेशातून आलेला नाही. तरी "कसं चाललंय?" म्हटलं की उत्तर येतं, "देवाच्या कृपेने बरं चाललंय." ते उत्तर वरवरचं नसतं, मी त्यांना ओळखते.

पण त्याच कट्ट्यावर "जग कसं चाललंय?" असं विचारून बघा. "विचारूच नका, घोर कलियुग आलंय." शेजारीण चांगली आहे, सून समजूतदार आहे, दूधवाला गेली वीस वर्षं हिशेबाला चोख आहे, समोरचा मुलगा पिशवी तिसऱ्या मजल्यावर आणून देतो, माणसं मात्र वाईट झालीत! मग ही वाईट माणसं राहतात कुठे? ज्या जगाला आपला हात लागतो ते बरं असतं. जे नुसतं कानावर येतं ते भयंकर असतं.

ह्याचाच धागा पकडून ॲडम मास्त्रोयानी आणि डॅनियल गिल्बर्ट ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये 'नेचर' ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. साठ देशांतल्या, सत्तर वर्षांत घेतलेल्या पाहण्या त्यांनी धुंडाळल्या. जवळपास सगळीकडे लोक म्हणत होते की माणसं पूर्वीपेक्षा वाईट झाली आहेत. मात्र "तुमच्या भोवतालची माणसं आज कशी वागतात?" असा प्रश्न जिथे विचारला होता, तिथे दर दशकात उत्तर साधारण तेच होतं. म्हणजे घसरण सगळ्यांना 'माहीत' होती, पण ती मोजमापात सापडत नव्हती. ह्यात दोन गोष्टी तुमच्यासाठी महत्त्वाच्या आहेत. एक, हे म्हाताऱ्यांपुरतं नव्हतं, तरुणही तेच म्हणत होते. आणि प्रत्येकाच्या मते घसरण साधारण आपल्या जन्मानंतरच सुरू झालेली होती. दुसरी गोष्ट अशी की स्वतःच्या ओळखीच्या माणसांबद्दल विचारलं तर लोक म्हणत होते, ती सुधारली आहेत.

पूर्वीचं सगळं चांगलं का वाटतं, ह्याचं एक उदाहरण आपल्याच घरातलं आहे. २६ जुलै २००५. तुम्हीही त्या दिवशी कुठेतरी अडकला असाल. सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या रात्रीबद्दल आज कुणालाही विचारा. अनोळखी बाईने घरात घेतलं, सुके कपडे दिले, कुणी पार्ले-जी वाटले, कुणी दोर धरून रस्ता ओलांडून दिला, हेच सांगतील. खरं आहे ते, मीही हेच सांगते. पण त्या पावसात राज्यभरात हजारावर माणसं गेली, गाड्यांच्या काचा बंद राहून आत माणसं गुदमरली, पुढचे कित्येक दिवस कुजका वास शहराला सोडत नव्हता, हे आम्ही कुणी आपणहून सांगत नाही. दुःखाची धार मनात लवकर बोथट होते, आणि ते चांगलंच आहे, नाहीतर जगणं अवघड झालं असतं. मात्र त्याची एक किंमत असते. धार गेलेल्या कालच्याशेजारी आजचं ताजं दुखणं ठेवलं की आज हरणारच.

आणखी एक. जे संपतं त्याची बातमी होत नाही. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, पाण्याला पायऱ्यांची विहीर. मी सात-आठ वर्षांची असेन. आजोबा ओट्यावर पाय लांब करून बसलेले आठवतात. घोट्याच्या वरचा फोड फुटून त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा नारू, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरणारा जंत, बाहेर आलेला. आजी तो एका बारीक काडीला गुंडाळायची. रोज बोटभर, त्याहून जास्त नाही, कारण ओढताना तुटला तर पाय सुजून पिकतो. गुंडाळून झालं की काडी चिंधीने पायाला बांधून ठेवायची. आजोबा दात आवळून समोरच्या चिंचेकडे बघत राहायचे. तीन आठवडे ते शेतावर गेले नाहीत. घरात कुणाला ह्यात काही विशेष वाटत नव्हतं, नारू होतोच, असं सगळे धरून चालले होते.

नारूवर औषध नव्हतं, लस नव्हती. तरी तो गेला. गावोगावच्या कर्मचाऱ्यांनी पाणी फडक्याने गाळून प्यायला शिकवलं, लोकांनी पाण्यात पाय बुडवू नयेत म्हणून पायऱ्यांच्या विहिरी बदलल्या, हातपंप बसवले, एकेक रुग्ण शोधून काढला. १९९६ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं. ज्या दिवशी आमच्या गावातला शेवटचा नारू बरा झाला, त्या दिवशी गावात कुणाला कळलंही नसेल. माझ्या नातवाला तो शब्दसुद्धा माहीत नाही.

हे मी लिहितेय ते तुमच्या मुलीच्या बाळासाठी. १९७१ मध्ये, तुम्ही दहा वर्षांच्या असताना, आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. अठ्ठावीससुद्धा खूप आहेत, त्यांच्या आयांना विचारा. पण तुमच्या आईने तुम्हाला ज्या जगात आणलं ते ह्यापेक्षा कितीतरी निर्दय होतं, आणि तरी तिने तुम्हाला आणलं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुमच्यावर अन्याय होईल. तुम्हाला दिसतंय ते सगळंच फोनने दाखवलेलं नाही. उन्हाळा आमच्या लहानपणीसारखा राहिलेला नाही. १६ एप्रिल २०२३ ला तुमच्या जवळच, खारघरच्या मैदानात, एका कार्यक्रमाला उन्हात बसलेल्या माणसांपैकी दहाहून अधिक जण उष्माघाताने गेले. बांधकामांची धूळ खरी आहे. घोडबंदर रोडला तुमच्या मुलीचे रोजचे दोन तास जातात तेही खरंच आहे. आपल्या पिढीने पाहिलेली खाडी आणि आजची खाडी ह्यांतला फरक सांगू शकतील अशी माणसं आपणच उरलोय, आणि ती साक्ष कुणी 'म्हातारपण' म्हणून बाजूला सारली तर मला राग येतो. म्हणून तुमच्या मुलाचं म्हणणं मला पटलं नाही. प्रेमाने बोलला असेल तो, पण "वय झालं की होतं असं" म्हटलं की ऐकायची गरजच उरत नाही. आई घाबरली असेल तर कशाला घाबरली हे आधी विचारायचं असतं.

मात्र काळजी आणि निराशा ह्यांत मी फरक करते. तुमच्या नेरूळचंच बघा. डीपीएस शाळेजवळच्या, फ्लेमिंगो उतरतात त्या डीपीएस तलावात खाडीचं पाणी येणं अडलं, २०२४ मध्ये तिथे फ्लेमिंगो मेले. तेव्हा "आता काय, सगळं बिल्डरच्या घशात जाणार" असं म्हणणारे पुष्कळ होते. पण काही रहिवासी तळ्याकाठी उभे राहिले, पत्रं लिहीत राहिले, अधिकाऱ्यांच्या मागे लागले. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तो तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. उभे राहिलेल्यांना परिस्थिती वाईट आहे हे कळत नव्हतं असं थोडंच आहे? ती त्यांना सगळ्यांत आधी कळली होती. काळजी करणारा माणूस तळ्यापर्यंत चालत जातो. निराश माणसाने निकाल आधीच लावलेला असतो, त्यामुळे तो जागचा उठत नाही. तुमच्या पत्रातल्या "माणुसकीच राहिलेली नाही" ह्या वाक्याची मला भीती वाटते ती ह्यासाठी. असा निकाल मनात पक्का झाला की माणूस काहीही खरं मानायला तयार होतो. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना गावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा फोनवरून पसरली होती. मारले गेलेले पाच जण भिक्षा मागून पोट भरणाऱ्या समाजातले होते. मारणारे सगळे आधीपासून क्रूर होते असं मी मानत नाही. बाहेरचा माणूस राक्षसच असणार, हे त्यांना आधीच पटवून दिलेलं होतं.

उपायांकडे येण्याआधी तुमच्या तब्येतीचं विचारते. झोप कशी आहे? भूक? पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींतही मन लागत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललंय का? तसं असेल तर हा विचारांचा प्रश्न नाही, डॉक्टरकडे जायचा आहे. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या, आणि कानही तपासून घ्या. ऐकू कमी आलं की माणूस नकळत चारचौघांतून मागे सरतो, संशयी होतो, आणि घरच्यांना वाटतं स्वभाव बदलला. मनाबद्दल कुणाशी लगेच बोलावंसं वाटलं तर सरकारची 'टेली मानस' सेवा आहे, १४४१६ हा नंबर, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

घरात बातम्या दिवसातून एकदाच. सकाळी पेपर वाचा, तो शेवटच्या पानाला संपतो. यजमानांना टीव्ही हवा असेल तर त्यांनी बघावा, पण जेवताना बंद. फोनवर आलेलं भीतीचं काहीही पुढे पाठवायचं नाही. यजमान गेल्यावर पहिलं वर्षभर मी आवाज हवा म्हणून टीव्ही चालू ठेवायचे. त्या वर्षी मी दाराला दोन जादा कड्या लावून घेतल्या. आमच्या सोसायटीत चोरी झालेली नव्हती, तरी रात्री तीनदा उठून त्या कड्या चाचपायचे. टीव्ही बंद ठेवायला लागल्यावर घर महिनाभर खायला उठलं, हेही सांगते. नंतर कट्टा सापडला.

आणि तुम्हाला पुन्हा काउंटर हवाय. हे मी मनापासून सांगतेय. नवी मुंबईत महापालिकेची ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं आहेत, तुमच्या घराजवळचं शोधा. दर नोव्हेंबरला पेन्शनरांची हयातीच्या दाखल्यासाठी जी धांदल उडते ती तुम्ही काचेच्या पलीकडून बघितलेली आहे. आता दाखला फोनवरून चेहरा दाखवूनही देता येतो, पण ऐंशीच्या माणसाला ते कोण करून देणार? बोटांचे ठसे झिजलेत, आधारला जुना नंबर जोडलेला, ओटीपी नातवाच्या फोनवर जातो. केंद्र सरकारच्या ऐंशीच्या पुढच्या पेन्शनरांना ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आठवड्यातून दोन सकाळी टेबल मांडून बसा. ज्या माणसांबद्दल तुम्ही निकाल दिलाय ती पुन्हा तुमच्यासमोर येऊन बसू देत. त्यातला एखादा खेकसेलही. पण ते तुम्ही स्वतः पाहिलेलं असेल.

राहिली मुलगी, आणि तिच्यासाठी नोव्हेंबरची वाट बघायची नाही. पोटात जीव वाढत असताना आईच्या तोंडून ते वाक्य ऐकणं काय असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिलाही ह्या जगाची भीती वाटत असणार, आजच्या मुलींना ती आपल्यापेक्षा जास्तच वाटते. तिने तुम्हाला फोन केला तो त्या भीतीवर कुणीतरी हात ठेवावा म्हणून, आणि नेमका त्याच क्षणी तुमचा हात सुटला. "माझं वय झालंय, मनावर घेऊ नकोस," अशी सारवासारव करू नका. "सगळं छान होईल बघ," हेही नको, तिला ते खोटं वाटेल. सरळ सांगा: "त्या दिवशी मी चुकीचं बोलले. मी घाबरले होते आणि ती भीती तुझ्यावर टाकली. बाळ येतंय ह्याचा मला आनंद झालाय, तो सांगायचाच राहिला." एवढंच. ती रडली तर रडू दे, चिडली तर चिडू दे, मध्ये बोलू नका. लगेच माफ करेल असंही नाही.

आणि हे फोनवर नको. नेरूळहून ठाण्याला थेट लोकल आहे. ती कुठल्या दिवशी घरी असते ते जावयांना विचारा, आणि तिला सध्या काय खावंसं वाटतंय तेही. आमसुलाचं सार, भाकरी, कैरीची चटणी, जे म्हणेल ते करून डबा भरा आणि सकाळच्या गाडीने निघा. फोन पर्समध्येच असू दे. लेडीज डब्यात शेजारी कोण बसलं, कुणी कुणाला जागा दिली, कुणी कुणाचं मूल मांडीवर घेतलं, हे नीट बघा. तिथे भांडण दिसलं तर तेही बघा, आणि पुढच्या पत्रात मला दोन्ही कळवा.